आणि पार्टी

"विद्याश्री, गायकाच्या रकान्यात तुम्ही 'आणि पार्टी' असं लिहिलंय. ही पार्टी कोण?"

फोन मुंबईहून होता, गाणी घेणाऱ्या कंपनीतल्या अनुजाचा. विद्याश्री शेटेनं रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला आणि समोरच्या पडद्यावर ती ओळ शोधली. गाणं 'काहिलीच्या रसा', कॅसेट 'गुऱ्हाळाची गाणी', गायक शाहीर पिराजी आणि पार्टी.

"मॅडम, पार्टी म्हणजे शाहिराच्या मागं उभं राहून झील धरणारी माणसं. कव्हरवर तसंच छापलंय."

"पण या गाण्यात शाहीर गातच नाहीत. मी ऐकलं ना. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बाई गातेय, एकटी. आणि तुमच्या एवढ्या गाण्यांतलं नेमकं हेच आमच्या साहेबांनी सगळ्यात आधी निवडलंय. त्या बाईंचं नाव पाहिजे."

"शोधतो की," विद्याश्री म्हणाली. स्वतःबद्दल 'करतो', 'येतो' असं बोलणाऱ्या या कोल्हापूरच्या बाईची अनुजाला आता सवय झाली होती.

२००६ सालची गोष्ट. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाच्या माडीवर 'मंजुळनाद कॅसेट्स'चं ऑफिस होतं. विद्याश्री तिथं नव्वदच्या आसपास आली ती कॅसेटची कव्हरं दुमडायला. मग फोन घ्यायला लागली, मग बिलं करायला, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा तो दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून तिच्याकडं आला. लग्न झालं नव्हतं. उत्तरेश्वर पेठेत भावाच्या घरी राहायची. लहानपणापासून तिला एक खोड होती. समोर जे छापलेलं येईल ते शेवटपर्यंत वाचायचं. काडेपेटीच्या मागचं, कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं ते, साबणाच्या कागदावरचा पत्ता. भाऊ मृत्युंजय म्हणायचा, "ही एक दिवस विजेच्या खांबावरचा नंबरबी पाठ करंल."

म्हणूनच अनुजानं सांगितलेलं नवं काम तिला पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. कॅसेटचा धंदा बसला होता. मालक बाळासोंनी सगळी जुनी गाणी मुंबईच्या एका कंपनीला मोबाइलवर वाजवायला द्यायचं ठरवलं होतं. कुणी आपल्याला फोन केला की त्याला ट्रिंग ट्रिंगऐवजी गाणं ऐकू यायचं, त्याची ती फॅशन आली होती. त्यासाठी प्रत्येक गाण्याची माहिती ठरलेल्या रकान्यांत ठरलेल्या पद्धतीनं भरायची होती. गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार, लांबी, साल. आणि शेवटी बारा अक्षरांचा एक क्रमांक.

"हा क्रमांक जगात दुसऱ्या कुठल्या गाण्याला नसतो," अनुजानं फोनवर समजावलं होतं. "पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन कंपनीची, मग क्रमांक दिला ते साल, मग गाण्याचा आकडा. तेच गाणं तुम्ही परत रेकॉर्ड केलंत तर त्याला वेगळा. कुठंही वाजलं तरी कुणाचं ते कळायला पाहिजे."

बाळासोंना तिनं हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे गाडीची नंबरप्लेट की. सरळ सांग ना."

विद्याश्रीला त्यात याहून जास्त काहीतरी दिसत होतं. मंजुळनादच्या कॅसेटींत नुसते 'पाळणा' नावाचे पाळणे कितीतरी होते. जोतिबाच्या आरत्या तर मोजायच्याच नाहीत. नावं सगळ्यांची एकच, आणि तरी आता प्रत्येकाला स्वतःची ओळख मिळत होती. एकेका आरतीला आकडा देताना तिला गंमत वाटायची. एवढं झाल्यावर बाळासो माडी बंद करून खाली मोबाइलचं दुकान टाकणार होते. "हे संपलं की तुझंबी काम संपलं बघ," त्यांनी मोकळेपणानं सांगून टाकलं होतं. काम संपवायची तिला म्हणूनच घाई नव्हती. पण 'आणि पार्टी' तिला टोचायला लागलं ते त्यामुळं नव्हे. हे शब्द छापलेली कव्हरं तिनं स्वतःच्या हातांनी दुमडली होती, पेटीच्या पेट्या भरून. काडेपेटीचं मागचं वाचणाऱ्या आपल्याला ती पार्टी कोण असा प्रश्न एकदाही पडला नाही, याचं तिला नवल वाटलं.

"पिराजीचं नाव टाक की," बाळासो म्हणाले. "पार्टी त्याची व्हती."

"पण गायली कोण, मालक?"

"आता मला काय ठावं? पंच्याण्णव साल ते. स्टुडिओवर गाडी भरून माणसं आलती. एक बाई व्हती खरी. माईकम्होरं तोंडच करीना. शेवटी पिराजी म्हनला, तिला भिंतीकडं तोंड करून गाऊ द्या. माईक नेऊन भिंतीला लावला आमी." ते हसले. "गायली मातूर झकास. एका दमात."

त्या दुपारी विद्याश्रीनं कानाला हेडफोन लावून गाणं पुन्हा ऐकलं. सुरुवातीला ऊस पिळणाऱ्या लोखंडी चरकाची करकर, आणि मग तो आवाज. फारसा गोड नाही, थोडा भाजल्यासारखा, रस आटवायच्या कढईशी, काहिलीशी बसून आल्यासारखा.

काहिलीच्या रसा रं, उतू नगं जाऊ
तंगीच्या गं भेटीला येतुया भाऊ

तिनं टेप थांबवला. तंगी. कन्नडमध्ये धाकटी बहीण. पुढच्या कडव्यात भावाला 'अण्णा' अशी हाक होती, तीही मराठीतली नव्हे, कानडी वळणाची, शेवटचा स्वर ओढलेली. विद्याश्रीची आई निपाणीकडची. घरात वडील मराठी बोलायचे, आई देवापुढं आणि भांडताना कन्नड. अशी हाक तिनं आई गेल्यापासून ऐकली नव्हती.

"गारगोटीला जाऊन येतो मालक," ती म्हणाली. "पिराजी तिथंच असतात ना अजून?"

"एका नावासाठी एस्टीनं गारगोटी?" बाळासोंनी तिच्याकडं बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "जा. येताना त्याला माझा रामराम सांग."

शाहीर पिराजींचं घर बाजाराच्या मागं होतं. दार त्यांच्या बायकोनं, तानाबाईंनी उघडलं. शाहीर सोप्यात खाटेवर बसले होते. कॅसेटवरच्या फोटोतला फेटा आणि मिशा विद्याश्रीच्या डोळ्यांपुढं होत्या. मिशा होत्या, पांढऱ्या. गळ्याला मात्र मफलर गुंडाळलेला होता.

"गळ्याचं आपरेशन झालंय त्यास्नी," तानाबाई म्हणाल्या. "बोलत्यात, पर जवळ जाऊन आयकाय लागतंय."

विद्याश्री स्टूल ओढून जवळ बसली. मोबाइल कंपनीनं 'गुऱ्हाळाची गाणी'मधलं एक गाणं निवडलंय, असं तिनं सांगितलं आणि शाहिरांचा चेहरा उजळला. त्यांनी टाळी वाजवून बायकोला बोलावलं.

"आयकलंस काय गं?" ते घोगऱ्या श्वासात म्हणाले. "मुंबईवाल्यांनी माझं गाणं उचललं! च्या ठेव. साखर घाल जरा सडळ हातानं." मग विद्याश्रीकडं वळले. "कुठलं? 'बैल माझा सर्जा' असंल. त्येला त्या टायमालाबी लई टाळ्या पडायच्या."

विद्याश्रीला पुढचं बोलणं जड गेलं. "नाही शाहीर. 'काहिलीच्या रसा'."

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. त्यांनी मफलर सारखा केला.

"बाकीचं एकबी न्हाय?"

"सध्या तरी एकच."

"कव्हरवर काय छापलंय?"

"गायक तुम्ही आणि पार्टी. गीतकार तुम्ही. संगीतकार तुम्ही."

"मग लिव की तसंच," ते म्हणाले. चहा आला. शाहिरांनी बशीत ओतला, फुंकर मारली, आणि न पिता बशी खाली ठेवली.

"न्हाय. खोडून टाक माझं नाव. ते गाणं माझं न्हवं. ना चाल माझी, ना शबुद. कागलच्या अलीकडं आकारामचं गुऱ्हाळ हाय. तिथं गेलतो मी गूळ आणाय. ती बाई चुलवाणात जळण सारत बसलेली. तोंड लालभडक, आनि हे गाणं म्हनतीया, कुनाला आयकवायला न्हाय, आपलं आपल्याशी. मी तितंच उभा ऱ्हायलो. रस करपतोय का काय असा आकाराम वराडला तवा भानावर आलो. लई मिनत्या केल्या तवा एक दिवस आली रेकॉर्डिंगला. पुन्यांदा कवा आली न्हाय."

"नाव काय तिचं?"

शाहिरांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या.

"न्हाय ठावं," शेवटी म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच त्याचा धक्का बसल्यासारखं दिसलं. "समदी तिला तंगीच म्हनायची. मीबी तंगीच म्हनलो. तिचा आवाज घेतला आनि नाव इचारलं न्हाय बघ."

निघताना तानाबाई दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "ते सर्जाचं गाणंबी एकदा आयकवा की त्या मुंबईवाल्यास्नी." विद्याश्रीनं मान हलवली. पुढं तिनं अनुजाला ते खरोखरच दोनदा ऐकवलं, पण ते कुणी घेतलं नाही.

कागलला ती पुढच्या आठवड्यात गेली. पिशवीत ऑफिसचा छोटा टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट. हंगाम चालू होता. हायवेवरून खाली उतरलं की गुळाचा वास आपोआप वाट दाखवत होता. आकारामच्या गुऱ्हाळावर तिनं तंगीबद्दल विचारलं तेव्हा चिपाडं वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "लिगाड्यांची म्हातारी व्हय? ती आता येत न्हाय कामाला. पोराचा टॅक्टर हाय. त्या वडाच्या म्होरल्या गल्लीत जावा, पावणं."

घरापुढं ट्रॅक्टर उभा होता. विशीतला एक जण त्याच्या चाकाचे नट आवळत होता. हा मुलगा, रुद्रेश. त्याची बायको सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. आणि म्हातारी म्हणावी एवढी म्हातारी नसलेली, पन्नाशीची, उंच, कपाळावर भस्माच्या पुसट रेघा असलेली बाई गोठ्यातून हात पुसत आली.

विद्याश्रीनं आपलं काम सांगितलं. रुद्रेशनं पाना खाली ठेवला. "आमची आई? कॅसेटमदी?" त्यानं आईकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती.

"तू लहान व्हतास," ती म्हणाली. "दवाखान्यात जाऊन येते म्हनून गेलते."

विद्याश्रीनं टेप सुरू केला. चरकाची करकर आली, मग तो भाजलेला आवाज. जिथं कॅसेटमधला आवाज श्वास घ्यायला थांबला, तिथं समोरच्या बाईचाही ऊर वर झाला, आणि पुढची ओळ तिच्या ओठांनी आवाज न करता म्हटली. आता विचारायची गरजच उरली नव्हती.

"यापूर्वी ऐकलं होतं का हे?" गाणं संपल्यावर विद्याश्रीनं विचारलं.

"एकदा. कागलच्या बाजारात कॅसेटवाल्याच्या दुकानात लागलतं. डोईवर पाटी व्हती, संगट सासू व्हती. उभं ऱ्हाता आलं न्हाय."

विद्याश्रीनं पिशवीतून कागद काढला. "नाव सांगा. पूर्ण."

"महादेवी लिगाडे," रुद्रेशच बोलला. "महादेवी गुरुपाद लिगाडे. रेशनकार्ड दावू काय?"

विद्याश्रीनं 'महादेवी' लिहिलं. मग ती थांबली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित गाण्यातली ती 'अण्णा' अशी हाक अजून कानात होती. तिनं मान वर केली आणि आईच्या भाषेत विचारलं, "अक्का, निम्म हेसरु एनु?"

प्रश्न तोच होता, तुमचं नाव काय. पण त्या बाईनं दचकून वर पाहिलं. आणि लगेच, शाळेत हजेरी द्यावी तसं, म्हणाली, "बसव्वा."

"अय्यो!" सुनेच्या हातातलं सूप थांबलं. "अत्ती, तुमचं नाव बसव्वा?"

"माहेरचं," ती म्हणाली. आता ती सोप्याच्या पायरीवर खाली बसली. "लगीन होऊन आले तर हितं सासूचं नाव बसव्वा. एका घरात दोन बसव्वा कशा चालत्याल? सासूला हाक मारली की मी 'ओ' द्यायची आनि मला मारली की ती. मग आठवड्याच्या आत माझं महादेवी केलं. पुन्यांदा बसव्वा कुनी म्हनलं न्हाय. अण्णा म्हनायचा आला की. तोबी गेला."

"गाणं त्याच्यावरच आहे?"

"तो टरकवर व्हता. लांब लांब जायचा. गुऱ्हाळ लागलं की यायचा, पयल्या काहिलीचा गूळ खाया. त्या साली आला न्हाय. तवा केलं मी हे. चुलवाणाम्होरं बसून."

"आणि चाल?"

"चाल कशाची? चरक कसा फिरतोय, करकर, करकर. त्याच्यावरच बसवलं."

विद्याश्रीनं 'महादेवी'कडं बघितलं. "मग नाव कुठलं लिहू?"

"बसव्वा लिव. बसव्वा हुक्केरी," ती माहेरचं आडनाव जोडून म्हणाली, जणू हे फार दिवसांपूर्वीच ठरलेलं होतं.

"काय म्हंतीस आई?" रुद्रेश उठून पुढं आला. "गावात बसव्वा म्हंजे आजी! लोक म्हनतील, आमची आजी गाणं म्हनत हुती. ती तर शिव्या सोडून कवा काय म्हनली न्हाय!"

सून पदर तोंडाला लावून हसली. रुद्रेश मात्र हसला नाही. त्याला लागलं होतं ते वेगळंच. "आनि हुक्केरी कशापायी? लिगाडे नाव वाईट हाय काय? मग आमी कोण तुजे?" तो विद्याश्रीकडं वळला. "न्हाय ताई, तसलं काय लिवू नका. जुनं गाणं, पारंपरिक, असं लिवा की. लिवत्यात तसं."

लिहितात हे खरंच होतं. 'पारंपरिक' हा शब्द विद्याश्रीनं त्या महिन्यात कितीतरी रकान्यांत भरला होता. तिनं पेन उचललं नाही. गोठ्यातली म्हैस हंबरली. बसव्वा मुलाकडं बघत होती, रागानं नव्हे.

"रुद्र्या, तुजं नाव शाळंत घातलं तवा माझं काय लिवलं?"

"महादेवी."

"मतदानाच्या कार्डावर?"

"महादेवी."

"सोसायटीत, दवाखान्यात, घरावर बँकेचं कर्ज काढताना, समदीकडं मी अंगठा दिला का न्हाय? कवा काय बोलले? महादेवी म्हनून तुझ्या घरात ऱ्हायले, तुला वाढवलं, त्यात खोटं काय बी न्हाय. पर महादेवीला कुठं भाऊ हाय? हे गाणं तिला येत न्हाय बाबा. ह्यो एवढा एक कागद बसव्वाचा ऱ्हाऊ दे."

रुद्रेश पान्याशी चाळा करत उभा राहिला. त्याची बायको आता हसत नव्हती. ट्रॅक्टरपाशी जाऊन त्यानं एक नट उगाचच आवळला, जो आधीच आवळलेला होता. तिकडूनच म्हणाला, "लिवा."

विद्याश्रीनं लिहिलं. गायिका बसव्वा हुक्केरी. गीतकार बसव्वा हुक्केरी. संगीतकार बसव्वा हुक्केरी. मग तिला आठवलं की हे विचारायचंच राहून गेलं. मंजुळनादला शाहिरांनी पूर्वी सगळ्या पार्टीच्या वतीनं सही करून दिली होती, कागदोपत्री ती पुरेशी धरली जायची. पण हिला कुणी विचारलं नव्हतं.

"अक्का, हे लोकांच्या फोनवर वाजणार. चालेल ना तुम्हाला?"

"कुनाच्या?"

"जो लावून घेईल त्याच्या. म्हणजे त्याला कुणी फोन केला की फोन करणाऱ्याला ऐकू येईल."

"आनि ज्यानं लावलं त्याला?"

"त्याला नाही येत. त्याला फक्त घंटी."

बसव्वाला हे फार मजेशीर वाटलं. ती पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. "लावलं एकानं, आयकलं दुसऱ्यानं! वाजू दे, वाजू दे."

कोल्हापुरात परतल्यावर विद्याश्रीनं ती ओळ दुरुस्त केली. अनुजाला फोनवर नाव सांगितलं, त्यामागची हकिगतही सांगितली.

"मला एक सांगा मॅडम," विद्याश्रीनं विचारलं, "गाण्याला असतो तसा माणसाला क्रमांक नसतो का? नाव काही का असेना, माणूस तोच म्हणून?"

"गीतकार-संगीतकारांच्या संस्था आहेत, त्या देतात त्यांच्या सभासदांना. पण हा आपला क्रमांक त्या एका रेकॉर्डिंगचा. बाईंचा नाही." मग म्हणाली, "बाईंचं नाव तुम्ही लिहाल तेच राहणार. अगदी पुढं शंभर ठिकाणी गेलं तरी. म्हणून स्पेलिंग नीट सांगा. व दोनदा येतो का?"

"दोनदा," विद्याश्री म्हणाली. "'व'वर जोर द्यायचा. बसव्वा."

बाळासोंनी छापून काढलेली पानं चाळताना विचारलं, "ही हुक्केरी कोण आनि?"

"पार्टी," विद्याश्री म्हणाली.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, काहीतरी बोलणार होते, पण खाली सुतार मोबाइलच्या दुकानाचा काउंटर बसवत होता आणि त्यानं हाक मारली. महिनाअखेरीला माडी रिकामी झाली. कॅसेट भरायची यंत्रं भंगारवाला घेऊन गेला. विद्याश्री राजारामपुरीत रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर लागली. तिथंही कामाला सुरुवात नावानंच व्हायची. बायका नवऱ्याचं नाव, आडनाव भराभर सांगत. ती लिहून घ्यायची आणि मग एकदा वर बघून विचारायची, "हेच लिहू ना?" बहुतेक जणी गोंधळून 'व्हय' म्हणायच्या. एखादी थांबायची.

गाणं मोबाइलवर आलं त्याला बरेच दिवस झाल्यावर एका रविवारी ती कागलला गेली. अनुजानं गाण्याची सीडी पाठवली होती, ती द्यायची होती. बसव्वा दारातच भेटली आणि सीडीकडं न बघता तिचा हात धरून म्हणाली, "चल, तुला गंमत दावते."

गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान होतं, बाहेर रुपया टाकून बोलायचा लाल फोन टांगलेला. दुकानदारानं काही न विचारताच नंबर फिरवला. रोजचं काम असल्यासारखा.

"रुद्र्याचा लावलाय," बसव्वा म्हणाली. "त्यानंच घातलं गाणं, मला न सांगता. उसाच्या टोळीवाल्यांचे फोन येत्यात त्याला, ते म्हनाले तवा कळलं मला. ह्या दुकानाचा नंबर दिसला की तो उचलत न्हाय. सांगून ठेवलंय मी."

तिनं रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला आणि विद्याश्रीचं डोकं स्वतःजवळ ओढलं. दोघींच्या कानांमध्ये चरक करकरायला लागला. मग आवाज आला, बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण तोच. बसव्वा रस्त्याकडं बघत होती. उसानं भरलेली एक ट्रॉली गेली, धूळ उडाली, तिनं पापणी हलवली नाही. दुसरं कडवं सुरू झालं, भावाला हाक मारायची ओळ आली, आणि ओळीच्या मध्येच गाणं तुटलं. लगेच एक स्वच्छ, गोड आवाज बोलायला लागला. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती उत्तर देत नाही. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

"रोज हितंच तुटतंय," बसव्वा म्हणाली. तिची काही तक्रार दिसली नाही. मग रिसीव्हरकडं बोट करून तिनं विचारलं, "ही कोन गं? लई गोड बोलती. माझं संपलं की रोज हीच येती. हिचं नाव काय?"

विद्याश्री विचारात पडली. इतक्या वेळा तिनं हा आवाज ऐकला होता.

"माहीत नाही अक्का," ती म्हणाली.

"कुनीतरी असंल की."

फोनमधली बाई आता तेच हिंदीतून सांगत होती. मग इंग्रजीतून सांगायला लागली. बसव्वाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तिनं रिसीव्हर खाली ठेवला नाही.